डोमेन विकलं तर किती येतील? किंमत ठरवायची कशी, पायरी पायरीने

चांगलं नाव सुचलं, त्याचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मोकळं दिसलं, बारा-पंधराशे रुपये भरून नोंदवून टाकलं. मग डोमेनची किंमत सांगणाऱ्या कुठल्या तरी मोफत टूलमध्ये घालून बघितलं तर आकडा आला १,८०० डॉलर. नवख्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा इथेच फिसकटतो. तो आकडा धरून आणखी वीस नावं घेतली जातात, वर्षभराने सगळ्यांच्या रिन्यूअलचं बिल येतं आणि तोवर एकाही नावाला साधी विचारणासुद्धा आलेली नसते.

डोमेनची किंमत तीन प्रश्नांवर ठरते: हे नाव नेमकं कोण घेईल, त्याला त्यातून किती फायदा होईल, आणि असा माणूस आपल्यापर्यंत येण्याची शक्यता किती. पहिल्या दोन प्रश्नांवर बरीच चर्चा होते, तिसरा सोडून दिला जातो. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच आहेत.

एका नावाच्या दोन किमती

आधी हे पक्कं डोक्यात बसवा. ज्याला ते नाव स्वतःच्या धंद्यासाठी वापरायचं आहे तो देईल ती किरकोळ किंमत. जो ते विकत घेऊन पुढे विकणार आहे, म्हणजे दुसरा डोमेनर, तो देईल ती घाऊक किंमत. घाऊक किंमत किरकोळीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के धरायची पद्धत आहे, आणि तसं का ते पुढच्या हिशेबात दिसेलच. तुम्हाला पुढच्या आठवड्यात पैसे हवे असतील तर घाऊक भाव मिळणार. किरकोळ भाव हवा असेल तर थांबावं लागतं, आणि ते थांबणं काही वर्षांचंही असू शकतं.

पायरी १: नाव तपासा

नाव मोठ्याने म्हणा. फोनवर समोरच्याला एकदाच सांगितलं आणि त्याने न विचारता बरोबर टाइप केलं, तर नाव पास. ‘मध्ये डॅश आहे’, ‘दोन म्हणजे आकडा, स्पेलिंग नाही’, ‘शेवटी झेड, एस नाही’ असं काही सांगावं लागलं की किंमत तिथेच कोसळते. डॅश असलेलं डॉट कॉम हे डॅश नसलेल्याच्या तुलनेत सहसा अगदीच मामुली भावात जातं.

मराठी शब्दांच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे. ‘वडापाव’ रोमन लिपीत लिहायचा तर सुरुवात व्ही ने की डब्ल्यू ने? ‘पाव’ मध्ये ए एक की दोन? दोन जागी दोन-दोन पर्याय म्हटले तरी चार स्पेलिंग झाली, आणि ग्राहक चारांत वाटला गेला. याउलट ‘पैठणी’, ‘हापूस’ असे शब्द घेताना आधी बघा की दुकानदार स्वतः पाटीवर, बिलावर, इन्स्टाग्रामवर कोणतं स्पेलिंग वापरतात. जे स्पेलिंग दहापैकी आठ जण वापरतात तेच नाव घेण्यासारखं. बाकीची स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

शब्दांचा क्रमही बघा. इंग्रजीत लोक ज्या क्रमाने बोलतात तोच चालतो, उलटा क्रम म्हणजे दुय्यम माल. एकवचन-अनेकवचन दोन्ही चालतात, पण वस्तू विकणाऱ्यांना अनेकवचन आणि ब्रँड करणाऱ्यांना एकवचन जास्त भावतं.

लांबी कमी म्हणजे किंमत जास्त, हे अर्धंच खरं. तीन अक्षरी डॉट कॉम एकूण १७,५७६ होऊ शकतात, चार अक्षरी ४,५६,९७६, आणि ती सगळीच कधीची नोंदवली गेली आहेत, म्हणून त्यांना निव्वळ टंचाईचा भाव आहे. तरीही चार अक्षरी नावांत स्वर कुठे आहे, उच्चार होतो का, क्यू आणि एक्स सारखी अक्षरं आहेत का, यावर भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाचव्या अक्षरापासून निव्वळ लांबीला काही अर्थ उरत नाही. अर्थ असलेला दहा अक्षरी शब्द हा अर्थहीन पाच अक्षरी जुळणीपेक्षा केव्हाही बरा.

पायरी २: टिंबानंतर काय आहे

नवख्याने डॉट कॉम आणि डॉट इन सोडून फार लांब जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉट कॉमला जगभर गिऱ्हाईक आहे. डॉट इन २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, निक्सी ही संस्था ते चालवते, आणि भारतात धंदा करणाऱ्या कंपनीला ते मनापासून चालतं. पण डॉट इनला गिऱ्हाईक भारतातलंच. म्हणून नावही भारतात चालणारं हवं.

डॉट एआय हे अँग्विला या बेटाचं डोमेन. गेल्या काही वर्षांत त्याला खरी मागणी आली आहे. मात्र नोंदणी किमान दोन वर्षांची करावी लागते आणि दर वर्षाचा खर्चही डॉट कॉमच्या कित्येक पट आहे. दहा डॉट एआय धरून ठेवणं म्हणजे वर्षाला चांगली घसघशीत रक्कम.

बाकी नव्या एक्स्टेंशनांत, म्हणजे टिंबानंतरच्या भागांत, एक सापळा नेहमी आढळतो. पहिल्या वर्षी ९९ किंवा १९९ रुपये, दुसऱ्या वर्षी दोन-तीन हजार. काही नावं ‘प्रीमियम’ वर्गात असतात आणि त्यांचं रिन्यूअल दर वर्षी तेवढंच चढं राहतं. पैसे भरण्याआधी रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, पानावर रिन्यूअलचा आकडा शोधा, नोंदणीचा नव्हे. रजिस्ट्रारला पडणारा डॉट कॉमचा दर ते एक्स्टेंशन चालवणाऱ्या व्हेरिसाइन या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर केला. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि जीएसटी धरून भारतात साधारण १,२०० ते १,५०० रुपये पडतात.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. स्वतःचं मराठी संकेतस्थळ करायला ते जरूर घ्यावं. पण पुनर्विक्रीचा बाजार जवळजवळ नाही, आणि ब्राउझरमधून कॉपी केलं की पत्ता बऱ्याचदा एक्सएन-डॅश-डॅशने सुरू होणारी अक्षरांची माळ बनतो. विकण्यासाठी म्हणून घेऊ नका.

पायरी ३: गिऱ्हाईक मोजा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कागद घ्या आणि हे नाव उद्या वापरू शकतील अशा किमान दहा कंपन्यांची नावं लिहा. ‘कुणीतरी स्टार्टअप’ हे उत्तर चालणार नाही. कंपनीचं नाव, सध्याचं संकेतस्थळ आणि गाव, तिन्ही हवं.

शोधायचं कुठे? गुगलवर ते शब्द टाका आणि पहिली तीन पानं बघा. जाहिराती कोण देतंय ते खास टिपून ठेवा, कारण जाहिरातीवर खर्च करणाऱ्याकडे बजेट असतं. इंडियामार्ट आणि जस्टडायलवर शहर निवडून यादी काढा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या शब्दाने सुरू होणाऱ्या किती कंपन्या नोंदल्या आहेत ते बघा. मग हेच नाव इतर एक्स्टेंशनांत किती जणांनी घेतलंय ते तपासा. डॉटडीबी नावाच्या साधनात ते एका फटक्यात कळतं. तोच शब्द चाळीस एक्स्टेंशनांत नोंदलेला असेल तर मागणी आहे. दोनच ठिकाणी असेल तर तुमची कल्पना एकट्या तुम्हालाच आवडलेली असण्याची शक्यता मोठी.

यात सोन्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडे आज तुमच्या नावाची कमअस्सल आवृत्ती आहे तो: नावात डॅश असलेला, मागे ‘ऑनलाइन’ किंवा ‘इंडिया’ जोडलेला, किंवा धंदा मोठा असून डॉट कॉम नसल्यामुळे लांबलचक पत्ता सांगत बसणारा. असे तीन-चार सापडले तर नावात जीव आहे.

त्यानंतर गुगलचा कीवर्ड प्लॅनर. ठिकाण भारत किंवा थेट शहर ठेवा आणि दोन आकडे पाहा: महिन्याला किती शोध होतात आणि एका क्लिकला जाहिरातदार किती मोजतात. जाहिरातींवर खर्च न केलेल्या खात्यात नेमका आकडा न दिसता ‘१०० ते १ हजार’ अशी पट्टी दिसते, तेवढ्यावर भागतं. क्लिकचा दर जास्त म्हणजे त्या धंद्यात एक ग्राहक महाग पडतो, आणि तिथला मालक नावासाठीही पैसे काढतो. मात्र शोधला जाणारा शब्दच डोमेनमध्ये आहे म्हणून गुगलवर आपोआप वर येतो, हा समज सोडा. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने निकृष्ट मजकुराच्या अशा साइटींना खाली ढकलणारा बदल केला, तेव्हापासून तो फायदा विकण्याजोगा राहिलेला नाही.

पायरी ४: नावाचा पूर्वइतिहास

आधी कुणी वापरलेलं नाव घेत असाल तर संकेतस्थळांची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाका आणि दर वर्षाचं किमान एक पान उघडा. सट्टा, अश्लील मजकूर, बनावट औषधं किंवा अचानक आलेली चिनी-जपानी अक्षरांची पानं दिसली तर थांबा. अशा नावावरून पाठवलेली ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकते. स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत आणि धोकादायक साइटी ओळखणाऱ्या गुगलच्या सेफ ब्राउझिंगमध्येही नाव तपासा.

नोंदणीची तारीख आयकॅन या डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर मिळते. जुनं वय म्हणजे आपोआप जास्त किंमत असं नाही, पण कुणीतरी सलग पंधरा वर्षं पैसे भरून नाव जपलं, ही माहिती उपयोगाची आहे.

पायरी ५: ट्रेडमार्क, आणि इथे सूट नाही

आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, सार्वजनिक शोधात नाव टाका, उच्चारसाधर्म्याचा पर्यायही वापरा. त्यानंतर वायपोचा, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, ग्लोबल ब्रँड डेटाबेस. एखाद्या प्रसिद्ध ब्रँडचं नाव, त्याचं चुकीचं स्पेलिंग, किंवा ब्रँडमागे ‘केअर’, ‘पे’ जोडलेलं नाव असेल तर त्याची पुनर्विक्री किंमत शून्य धरा. प्रत्यक्षात ती शून्याखाली असते.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या बाजूने निकाल देऊन ‘रॅडिफ’ या, केवळ एका अक्षराने वेगळ्या डोमेनला रोखलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं हे स्पष्ट केलं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या वेगळ्या व्यवस्था आहेत. यूडीआरपीत तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या चिन्हाशी गोंधळ व्हावा इतकं सारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर वाईट हेतूने झाला. वायपोकडे पाच नावांपर्यंत एका पंचासाठी १,५०० डॉलर शुल्क आहे. मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे काहीच नाही, म्हणून ‘त्रास नको म्हणून देतील दोन लाख’ हा हिशेब चालत नाही. उलट तुम्ही स्वतः ब्रँडच्या मालकाला ईमेल करून किंमत सांगितली तर तीच ईमेल वाईट हेतूचा पुरावा म्हणून लावली जाते.

२०२४ मध्ये ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’चं प्रकरण गाजलं ते आठवा. विलीनीकरणाचा अंदाज बांधून आधीच नाव नोंदवलेल्या दिल्लीच्या तरुणाने शिक्षणखर्च म्हणून सुमारे एक कोटी मागितले. रिलायन्सने नकार दिला. पुढे नाव दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि त्यांनी ते कंपनीला मोफत देऊ केलं. अंदाज अचूक होता, तरी मिळकत झाली नाही.

पायरी ६: झालेले सौदे वाचा

नेमबायो या संकेतस्थळावर झालेल्या विक्रीच्या नोंदी मिळतात. शोधताना तुमच्या नावातला एक शब्द, त्याची नावातली तीच जागा आणि तेच एक्स्टेंशन ठेवा, कालावधी गेल्या तीन वर्षांचा. आठ-दहा सौदे काढा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला ठेवा, मधले बघा.

आता नवखे सोडतात तो रकाना: विक्री कुठे झाली. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात, नेमजेट किंवा ड्रॉपकॅचसारख्या ठिकाणी झालेली विक्री ही घाऊक. डोमेन विकण्याच्या बाजारपेठांत, म्हणजे सेडो, आफ्टरनिक, अॅटमवर झालेली बहुधा किरकोळ. ३०० डॉलरचा लिलाव आणि ३,००० डॉलरची आफ्टरनिक विक्री यांची सरासरी काढली तर निघणारा आकडा कोणत्याच बाजारातला नसतो.

दुसरं म्हणजे या यादीत फक्त विकली गेलेली नावं दिसतात. त्याच धाटणीची शेकडो नावं वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांची यादी कुणी छापत नाही. ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं हे खरं आहे, पण तुमच्या नावाच्या किमतीशी त्याचा संबंध नाही.

गोडॅडी, एस्टीबॉट यांची आपोआप मूल्यांकनं म्हणजे रेडी रेकनरचा दर. भागाची कल्पना येते, तुमचा फ्लॅट त्या भावाला जाईल असं नाही. दोन शब्दांच्या साध्या नावांना ही साधनं सर्रास चढा आकडा देतात. त्यांचा चांगला उपयोग एकच: शंभर नावांच्या यादीतून तपासण्याजोगी पंधरा निवडणं.

पायरी ७: आकडेमोड

उदाहरण म्हणून ‘पुणे’ आणि ‘सोलर’ जोडून झालेलं डॉट कॉम घेऊ. ते आज कुणाकडे आहे याचा इथे संबंध नाही. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅट आणि पुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे पुणे-पिंपरी पट्ट्यात छतावर संच बसवणाऱ्यांची कमतरता नाही. म्हणजे गिऱ्हाईक भरपूर.

समजा एका कामामागे मालकाला १५,००० रुपये सुटतात आणि लक्षात राहणाऱ्या नावामुळे वर्षाला चार कामं जास्त येतात. फायदा ६०,००० रुपये. पण त्याच्यासमोर स्वतःच्या आडनावामागे ‘सोलर’ लावून बाराशे रुपयांत नाव घेण्याचा पर्याय उभाच आहे. म्हणून तो ६०,००० देणार नाही, ४०,००० वर सौदा होईल असं धरू. बाजारपेठेचं कमिशन २० टक्के गेलं, हातात ३२,०००.

आता तिसरा प्रश्न. मोठे संग्रह सांभाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव असा की शंभर नावांतून वर्षाला एखाद-दुसरं विकलं जातं. दोन टक्के धरले तर ३२,००० चे दोन टक्के म्हणजे वर्षाला ६४० रुपये. रिन्यूअल १,३००. हे नाव दर वर्षी तुम्हाला ६६० रुपयांनी खड्ड्यात घालतंय. तुम्ही स्वतः गिऱ्हाइकांना गाठून शक्यता पाच टक्क्यांवर नेली तर १,६०० येतात, म्हणजे वर्षाला ३०० रुपये वर. हेच नाव लिलावात ८,००० ला घेतलं असतं तर ते वसूल व्हायला जवळजवळ सत्तावीस वर्षं लागली असती. निष्कर्ष सरळ आहे: नोंदणीच्या दरात मिळालं तर दोन वर्षं प्रयत्न करून बघा, लिलावात हात आवरा.

आता याउलट एका शब्दाचं, आठ लाखांना जाऊ शकेल असं डॉट कॉम घ्या. कमिशन वजा ६,४०,०००, दोन टक्के म्हणजे वर्षाला १२,८००, रिन्यूअल वजा ११,५००. याला ८०,००० दिले तर सात वर्षांत निघतात. घाऊक भाव किरकोळीच्या दहा टक्क्यांवर का अडतो ते इथे दिसतं. स्वस्त नावं सुरक्षित वाटतात, पण रिन्यूअल सगळ्यांना सारखंच असल्याने तोटा तिथेच साचतो.

पायरी ८: मागायचे किती आणि घ्यायचे कसे

पन्नास हजारांपर्यंतच्या नावावर ठरलेली किंमत लावा, ‘ऑफर द्या’ नको. छोट्या धंद्याचा मालक घासाघीस करत ईमेल लिहीत बसत नाही, तो दुसरं नाव घेऊन मोकळा होतो. लाखांच्या पुढे ऑफरचा पर्याय ठेवा आणि हप्त्यांची सोय द्या. पूर्ण पैसे येईपर्यंत नाव मध्यस्थाकडे राहतं. कमिशन दर ठिकाणी वेगळं असतं आणि नेमसर्व्हर (नाव कोणत्या सर्व्हरकडे वळवायचं ते ठरवणारी सेटिंग) त्यांचे लावले की नाही यावरही बदलतं, तेव्हा नाव चढवण्याआधी तो नियम वाचा.

अशी एक ईमेल हमखास येईल: ‘तुमच्या नावाला ९,००० डॉलर द्यायला तयार आहे, फक्त अमुक संकेतस्थळाचं मूल्यांकन प्रमाणपत्र पाठवा.’ ते प्रमाणपत्र विकणारा आणि ईमेल पाठवणारा एकच असतो. खरा ग्राहक तुम्हाला पैसे भरायला कधीच सांगत नाही.

सौदा ठरला की पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, जमा झाल्याचा संदेश तिच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून पाहा; ईमेलमधल्या लिंकवर विसंबू नका. ग्राहकाचं खातं त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर नाव आतल्या आत ‘पुश’ करता येतं, हे बहुधा त्याच दिवशी होतं. वेगळा रजिस्ट्रार असेल तर नावाचं लॉक काढा, ऑथ कोड (नाव हलवण्यासाठीचा पासवर्ड) द्या, डॉट कॉमला पाच दिवसांपर्यंत लागू शकतात. नोंदणी नवी असेल तर पहिले ६० दिवस बाहेर हलवता येत नाही, हे ग्राहकाला किंमत सांगतानाच सांगा. विक्रीची रक्कम परदेशातून आली तर बँक उद्देश विचारते आणि आयकरही लागतो. बिल आणि एस्क्रोची पावती त्याच दिवशी उतरवून ठेवा आणि सीएला द्या.